रेंज फुल्ल, पण नेट चालेना? अडचण नेमकी कुठे आहे, असे ओळखा

रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला, पण चक्र फिरतच राहते. ई-पीक पाहणीचा फोटो अपलोड होत नाही. यूपीआयने पैसे गेले की नाही, तेच कळत नाही. मोबाईलवर रेंजच्या दांड्या मात्र पूर्ण दिसतात. असे का होते, हे कळले तर तक्रारही नेमकी करता येते.

दांड्या काय सांगतात?

मोबाईल इंटरनेटची एक साखळी असते. मोबाईल ते टॉवर हा पहिला टप्पा हवेतून, रेडिओ लहरींनी होतो. टॉवरपासून पुढे फायबर केबलने किंवा डिशने माहिती कंपनीच्या मोठ्या केंद्रात जाते. तिथून ती इंटरनेटवर आणि शेवटी बँकेच्या किंवा सरकारी सर्व्हरवर पोहोचते. उत्तर याच वाटेने परत येते.

दांड्या फक्त पहिल्या टप्प्याची ताकद दाखवतात. पुढे केबल तुटली किंवा सर्व्हर बंद पडला, तरी दांड्या तशाच राहतात.

एका कंपनीची रेंज येते, दुसरीची का नाही?

टॉवर किती लांब आहे यासोबत लहर कोणती आहे, यावरही रेंज ठरते. ७००, ८०० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. २३०० मेगाहर्ट्झ किंवा ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जास्त माहिती वाहून नेता येते, पण तिचा पल्ला कमी असतो. त्यामुळे टॉवरजवळ ५जी सुसाट चालते आणि मळ्यातल्या वस्तीवर धड ४जीही मिळत नाही.

डोंगर आडवा आला की लहर अडते. पत्र्याच्या घरातही रेंज पडते, कारण धातूचा पत्रा लहरी परत फेकतो. अशा घरात खिडकीजवळ किंवा अंगणात आले की फरक पडतो.

व्हिडिओ चालतो, मग फोटो का जात नाही?

टॉवरची यंत्रणा दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने लहरी पाठवते. आपला ४जी मोबाईल साधारण ०.२ वॅटच्या पुढे जात नाही. म्हणजे टॉवरचा आवाज आपल्याला ऐकू येतो, पण आपला आवाज त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून लांबच्या शेतात व्हिडिओ दिसतो, पण फोटो अपलोड होत नाही. रेंज कमी असली की मोबाईल पूर्ण ताकद लावतो, त्यामुळे तो तापतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

जीपीएसचे तसे नाही. ते थेट उपग्रहांवर चालते. म्हणून रेंज नसलेल्या शेतातही जागा कळू शकते. माहिती पाठवायला मात्र नेट लागतेच.

संध्याकाळीच नेट का रडते?

टॉवरची क्षमता त्याच्याखालचे सगळे ग्राहक वाटून घेतात. पाटाला पाणी तेवढेच, पण एकाच वेळी सगळ्यांनी दारे धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला धार बारीक येते. रात्री आठ-नऊला सगळे गाव व्हिडिओ बघते तेव्हा हेच होते. पहाटे पाचला नेट पळत असेल आणि रात्री अडत असेल, तर बहुधा टॉवरवर गर्दी आहे.

टॉवरच्या मागे काय घडते?

अनेक टॉवरवर ढोलासारखी गोल डिश दिसते. जिथे फायबर पोहोचलेली नाही, तिथे ही डिश समोरच्या टॉवरला माहिती देते. मुसळधार पावसात या डिशचा सिग्नल कमजोर होऊ शकतो. फायबर असेल तर रस्त्याच्या खोदकामात ती तुटण्याची भीती असते. लाइट गेल्यावर टॉवर बॅटरीवर किंवा जनरेटरवर चालतो. बॅटरी उतरली आणि डिझेल नसले की टॉवर बंद पडतो.

घरबसल्या अशी तपासणी करा

• आधी डेटा संपला का ते पाहा. रोजची मर्यादा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने ३ एमबीचा एक फोटो जायला ६ मिनिटांहून जास्त वेळ लागतो.

• विमान मोड १० सेकंद चालू करून बंद करा. मोबाईल पुन्हा टॉवर शोधतो.

• ५जीची रेंज येत-जात असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ४जीवर ठेवून पाहा.

• बऱ्याच अँड्रॉइड मोबाईलमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात सिम स्थिती पाहता येते. तिथे ४जीसाठी उणे ९० डीबीएमच्या आसपास आकडा असेल तर रेंज चांगली आहे. उणे ११५ च्या पुढे असेल तर कमजोर आहे.

• शेजाऱ्याचे त्याच कंपनीचे नेट चालते का, ते विचारा. सगळ्यांचेच बंद असेल तर तुमच्या मोबाईलमध्ये दोष नाही.

• सगळे नेट चालते, पण एकच सरकारी अॅप अडते, तर सर्व्हरवर ताण असू शकतो. थोड्या वेळाने किंवा पहाटे प्रयत्न करा.

तक्रार कशी करायची?

ट्रायच्या मायस्पीड अॅपवर सकाळी आणि रात्री वेग मोजा आणि स्क्रीनशॉट ठेवा. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या व्याख्येनुसार ब्रॉडबँडचा डाउनलोड वेग किमान २ एमबीपीएस हवा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या रेंजचा नकाशा वेबसाइटवर द्यावा लागतो. त्यात तुमचे गाव दाखवले आहे का, ते बघा.

मग १९८ वर फोन करा. नुसते ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. ‘रेंज पूर्ण आहे, पण रात्री ८ ते १० वेग मिळत नाही’ किंवा ‘लाइट गेल्यावर अर्ध्या तासात टॉवर बंद पडतो’ असे नेमके सांगा. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मुदतीत काम झाले नाही, तर त्याच क्रमांकावरून कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे मोफत अपील करता येते. एकाच टॉवरवरच्या दहा-वीस ग्राहकांनी वेगवेगळ्या तक्रारी नोंदवल्या, तर दोष एखाद्या मोबाईलचा नसून टॉवरचा आहे, हे कंपनीला नाकारता येत नाही.