परिताडन

छाती किंवा पोट बोटाने ठोकून, उठणाऱ्या आवाजावरून आतली स्थिती ताडण्याची पद्धत. रोग्याची हकीकत ऐकून, त्याला पाहून आणि चाचपून झाले की स्टेथोस्कोप लावण्याआधी डॉक्टर ही तपासणी करतात. डाव्या हाताचे मधले बोट दोन बरगड्यांमधल्या जागेत घट्ट टेकवून त्याच्या मधल्या पेरावर उजव्या मधल्या बोटाच्या टोकाने टकोरा देतात. हालचाल मनगटातून हवी आणि बोट लगेच उचलले पाहिजे. नख वाढलेले असेल तर पहिली इजा डॉक्टरलाच!

हवा भरलेल्या फुप्फुसावर आवाज घुमतो, यकृतावर बद्द येतो. छातीत पाणी साचले असेल तर तो दगडावर ठोकल्यासारखा ठार बद्द होतो. पोटातले पाणी ओळखायला रोग्याला कुशीवर वळवतात. पाणी खाली सरकते, तशी बद्द आवाजाची जागाही सरकते.

ही पद्धत ऑस्ट्रियन वैद्य लेओपोल्ड आउएनब्रुगर (१७२२–१८०९) यांनी १७६१ मध्ये एका लॅटिन पुस्तिकेत मांडली. ते खानावळवाल्याचे पुत्र असल्याने दारूची पिंपे ठोकून ती किती भरली आहेत हे ओळखण्याची गोष्ट हटकून सांगितली जाते. पण मृतदेहांच्या छातीत द्रव भरून त्यांनी निष्कर्ष पडताळले, हे अधिक मोलाचे. समकालीनांनी फारसे लक्ष दिले नाही. नेपोलियनचे वैद्य कॉर्व्हिसार यांच्या १८०८ मधील फ्रेंच भाषांतरानंतर पद्धत रुळली. आउएनब्रुगर थेट छातीवरच ठोकत. मध्ये हस्तिदंती चकती ठेवण्याची कल्पना फ्रेंच वैद्य पिओरी यांची. पुढे चकती मागे पडून बोटच वापरात आले.