खेड्यातल्या पाद्र्याची संख्या

जोंधळ्याचा एक दाणा घ्या. एकाचे दोन, दोनाचे चार, असे एकसष्ट वेळा दुप्पट करा नि शेवटी एक दाणा काढून टाका. उरतील २३०५८४३००९२१३६९३९५१. एकेक दाणा वेगळा न करता यांचे सारखे वाटे पडतील का?

कितव्या दुपटीला असे वाटे पडत नाहीत, म्हणजे मूळ संख्या मिळते, याची यादी १६४४ साली फ्रान्सचे साधू मर्सेन यांनी दिली. तीत ६७ होते, ६१ नव्हते. विद्वानाचा शब्द! पण १८८३ साली रशियात, उरलकडचे खेड्यातले पाद्री पेर्वुशिन यांनी सिद्ध केले, की ६१ ची संख्या मूळच आहे. ६७ तर ल्यूका यांनी १८७६ सालीच बाद केले होते. काही म्हणाले, ६१ चे ६७ ही छापखान्याची चूक असेल. बरे, पण पुढे ८९ नि १०७ हेही सुटलेले निघाले. ते कुणाच्या माथी मारायचे?