पाणी दिसेल असं घर

अण्णा ३१ मे २०२५ला जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. त्यांची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावली, आणि त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांसारखे अण्णाही त्या तारखेच्या आदल्या दिवशी हार-नारळ घेऊन घरी आले. चारेक दिवसांनी मला पुण्याला फोन आला.

"आता एक घर बघायचंय. पाणी दिसंल असं."

"अण्णा, धाराशिवात?"

"का? धाराशिवात पाणी नाही का?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. आमच्या घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. एप्रिल २०१६मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा मी इंजिनीअरिंगला होतो, आणि वर्गातली मुलं मला 'टँकरवाला' म्हणायची.

योगायोग असा, की त्याच महिन्यात आमच्या अमेरिकी क्लायंटकडचा एक मॅनेजर निवृत्त होऊन फ्लोरिडात घर घेत होता. स्वतःची बोट घराच्या मागच्या दारी बांधता यावी, एवढंच त्याचं स्वप्न. कॉल सुरू व्हायच्या आधी तो आम्हाला आपली यादी वाचून दाखवायचा. ओहोटीला धक्क्यापाशी पाणी किती खोल असतं? धक्क्यापासून मोकळ्या समुद्रापर्यंत किती पूल लागतात आणि त्यांची उंची किती? वारा कुठून येतो? वादळाचा विमा मिळतो का? मला ती यादी आवडली. घर बघताना लोक फरशी आणि मोड्युलर किचन बघतात. हा माणूस आधी पाणी बघत होता. मी ठरवलं, आपणही अण्णांसाठी तसंच करायचं. आणि यादी हातात घेऊन मी सुरुवात केली ती आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात देखण्या पाण्याकाठच्या घरापासून.

ते घर नळदुर्गात आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, बोरी नदीच्या काठी. काठी म्हणणंसुद्धा चूक, कारण पाणीमहाल धरणाच्या भिंतीच्या पोटात आहे. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहानं १५५८च्या सुमारास या किल्ल्याला दगडी तटबंदी घातली. पुढं दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नदीवर बंधारा पडला, नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ हे दोन्ही त्यानं जोडले गेले, आणि भिंतीच्या आत, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या शेवटी, महाल बांधला गेला. बांधकामाचं साल १६१३ सांगतात. हा इब्राहिम संगीतवेडा. 'किताब-ए-नवरस' त्याचीच. अशा माणसाला धरण बांधताना आत बसायला जागा ठेवावीशी वाटली, यात नवल नाही.

नदी भरून वाहू लागली की भिंतीवरून दोन ठिकाणी पाणी कोसळतं. एक नर, दुसरा मादी. महालाच्या सज्जात उभं राहिलं की मागं धरणाचं सगळं पाणी, समोर धबधब्याचे तुषार, आणि आपण मधे कोरडे. पहिल्यांदा मी तिथं शाळेच्या सहलीत गेलो होतो. या खेपेला इंजिनीअर म्हणून गेलो (सॉफ्टवेअरचा का असेना), तेव्हा जाणवलं की गंमत दिसण्यात आहे, पण अवघड काम न दिसणाऱ्या भागात आहे. असं धरण आपल्या वजनानं पाणी अडवतं. पाणी ढकलत असतं, दगड-चुना जागा सोडत नाही. अशा भिंतीत पोकळी ठेवायची म्हणजे तेवढं वजन कमी करायचं. ते दुसरीकडं भरून काढावं लागतं, आणि मागून झिरपणारं पाणी खोलीत येणार नाही हेही बघावं लागतं. चारशे वर्षं ती भिंत उभी आहे. आमच्या कंपनीत चार वर्षं टिकलेल्या कोडला आम्ही 'जुनं' म्हणतो.

आता यादी लावू. खोली भरपूर. वारा भरपूर. बोटिंगचीही सोय झालेली: किल्ल्याच्या पाण्यात अलीकडच्या वर्षांत पर्यटकांसाठी बोटी फिरल्या. पण पाणी कधी? वरच्या बाजूचं बोरी धरण भरून सांडवा सुटला, की मगच नर-मादी वाहतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी सज्जासमोर नुसता कातळ.

आणि यादीतला पुलांचा प्रश्न तर आमच्याकडं विचारायचीच सोय नाही, कारण इथल्या नद्या नावेच्या नव्हेतच. याचा पुरावा दोन हजार वर्षं जुना आहे. धाराशिवजवळचं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, त्याचं नाव आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. गावाला लागून तेरणा वाहते. तरीही तगरचा माल भडोचच्या बंदराला जायचा तो गाड्यांवरून, वाट नसलेल्या मुलखातून. नदी होती, पण तिच्यावर भरवसा नव्हता. पावसाळ्यात तिच्यात उतरता येत नाही आणि उन्हाळ्यात ती असत नाही. म्हणून आमच्याकडं होडीची जागा तात्पुरत्या गोष्टींनी घेतली. भोपळे बांधून केलेली सांगड, किंवा भीमेच्या काठी गुळाची काहील. आपण दोन गोष्टींची 'सांगड घालतो' म्हणतो, तेव्हा त्यात पैलतीर गाठायची निकड आहे हे विसरून गेलेलो असतो.

मग मराठी माणूस म्हातारपणी पाण्याकाठी जात नव्हता का? जात होताच. पण बोटीसाठी नव्हे, घाटासाठी. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे दुसरा बाजीराव. जून १८१८मध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हाच्या अटींत दोन गोष्टी होत्या: वर्षाला किमान आठ लाखांचं पेन्शन, आणि राहायला काशी किंवा हिंदुस्थानातलं दुसरं एखादं पवित्र क्षेत्र. शेवटी घर ठरलं ते कानपूरजवळ बिठूरला, गंगेच्या काठी. तिथं तो १८५१पर्यंत, म्हणजे तीसहून अधिक वर्षं राहिला. दारात गंगा, पण पुण्याची वाट बंद. गावाचं नाव निवडता आलं, जाणं न जाणं निवडता आलं नाही. पाण्याकाठच्या अशा घराला निवृत्ती म्हणायचं की नजरकैद, हे पेन्शन कोण देतं त्यावर ठरतं.

नळदुर्गालाही एक पेन्शनर लाभला. १८५३च्या तहात निजामानं वऱ्हाड आणि रायचूरबरोबर नळदुर्गाचा मुलूख कंपनीच्या हवाली केला, आणि कर्नल फिलिप मेडोज टेलर इथं अधिकारी म्हणून आला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तोच. १८५७पर्यंत त्याचा मुक्काम इथं होता. त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गाचं वर्णन मन लावून केलेलं आहे, आणि पुढच्या 'तारा' कादंबरीत तुळजापूर आहे. तो १८६०मध्ये मायदेशी गेला, म्हातारपणी पुन्हा एकदा हिंदुस्थानात येऊन गेला, आणि परतीच्या वाटेवर १८७६मध्ये फ्रान्समध्ये भूमध्य समुद्राच्या काठी वारला. त्याच्याआधी १८६०मध्येच नळदुर्ग पुन्हा निजामाकडं गेला होता. महालात राहून गेलेले आणि महाल बघून गेलेले, दोघांनाही तो पुरला नाही.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मला महाल नको. प्लॉट बघून ठेवलाय."

प्लॉट आमच्याच गावाच्या शिवारात होता. पाझर तलावाच्या वरच्या अंगाला कुणीतरी एनए करून प्लॉट पाडले होते. फलकावर 'लेक व्ह्यू' असं लिहिलेलं, खाली होडीचं चित्र. जूनमध्ये आम्ही दोघं बघायला गेलो. पाणी प्लॉटपासून बरंच लांब, तळाशी डबक्याएवढं. एजंट म्हणाला, "पाऊस झाला की इथपर्यंत येतं सर, पायरीला लागतं."

मी तिथंच मातीवर काडीनं हिशोब मांडला. आमच्याकडचे उतार पसरट. शंभर मीटरला दोन मीटरचा उतार धरला आणि पाण्याची पातळी पाच मीटरनं उतरली, तर काठ अडीचशे मीटर मागं सरकतो. म्हणजे दिवाळीत जे घर पाण्याकाठी असेल, ते शिमग्यापर्यंत माळावर. मोठ्या धरणांत अशी उघडी पडलेली गाळपेर जमीन लोक कसतात. कारण काठ ही रेघ नाही, तो पट्टा आहे. शिवाय नदीकाठी पंचवीस वर्षांतल्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा आखतात. फ्लोरिडातल्या माणसाच्या यादीत हा प्रश्न मला पहिला घालावासा वाटला: तुझं पाणी वर्षातून किती महिने तुझ्या दारात असतं?

अण्णा ऐकत होते, पण बघत होते बांधाकडं.

"हा तलाव माझ्या आईनं केलाय," ते म्हणाले.

मला ठाऊक होतं, पण असं समोर उभं राहून कधी ऐकलं नव्हतं. १९७२चा दुष्काळ. आजी-आजोबा कामावर होते. आजोबा खडी फोडायचे, आजी पाटीनं माती वाहायची. पाच वर्षांचे अण्णा बांधाखाली बाभळीच्या सावलीत धाकट्या बहिणीला सांभाळत बसायचे. सुकडी मिळायची, घरी मिलोच्या लाल भाकरी. गावोगाव असे तलाव झाले, रस्ते झाले, आणि रोजगार हमी योजना त्यातून महाराष्ट्रभर उभी राहिली.

"पण अण्णा," मी म्हणालो, "हा पाझर तलाव आहे."

म्हणजे पाणी साठवायला नव्हे, जिरवायला बांधलेला. पावसाचं पाणी अडवायचं, सावकाश जमिनीत मुरू द्यायचं, आणि बांधाच्या खालच्या विहिरींना पोचवायचं. तो उन्हाळ्यात रिकामा दिसतो तेव्हाच त्यानं काम केलेलं असतं. बारा महिने पायरीला पाणी लागलं, तर समजायचं की तळ गाळानं बुजलाय आणि खालच्या विहिरी कोरड्या आहेत. आदिलशहाची भिंत पाणी धरून ठेवायला होती, आजीची भिंत वाटून टाकायला. 'लेक व्ह्यू' हवा असेल, तर आजीचं काम फसायला हवं.

अण्णांनी एजंटला काही सांगितलं नाही. आम्ही बांधाखाली उतरलो. तिथल्या एका विहिरीत त्यांनी खडा टाकला आणि कान दिला. पाण्याचा आवाज आला.

प्लॉटचं बोलणं त्या दिवशी थांबलं, पण मिटलं नव्हतं. ते मिटलं सप्टेंबरमध्ये. परंडा आणि भूम तालुक्यांत पाऊस असा झाला, की सीनेकाठची गावं पाण्यात गेली, माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. माझी आत्या, तीच बाभळीखालची धाकटी बहीण, त्या काठी दिलेली. तिला बचाव पथकाच्या रबरी बोटीतून बाहेर काढलं. जनावरं गेली, सोयाबीन गेलं, घरातल्या कणग्या फुगून फुटल्या. आमच्या घराण्यात बोटीत बसलेली ती पहिली.

दसऱ्याला ती आमच्याकडं राहायला आली. अण्णांनी धाराशिवातल्या जुन्याच घरावर एक खोली चढवायला काढली आहे. आत्याला ठेवून घ्यायचा बेत आहे. खोलीच्या खिडकीतून पाणी दिसत नाही, शेजारच्यांच्या टाक्या दिसतात. मी नकाशा काढत होतो, तेव्हा आत्या मागून बघत होती.

"जोतं किती घेतलंस?" तिनं विचारलं.

"दोन फूट."

"तीन घे," ती म्हणाली.

"आत्या, खोली वरच्या मजल्यावर आहे."

"असू दे. तू घे."