कोल्हापूरच्या गायकीचा इतिहास आणि स्पूल-ध्वनिफितीची साधनचिकित्सा

प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनचिकित्सेला मूलभूत महत्त्व आहे. मोडी कागद हाती आला की अभ्यासक प्रथम त्याचा कागद, शाई, अक्षरवळण आणि शिक्का तपासतो व मगच मजकुराकडे वळतो. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत ही दक्षता क्वचितच घेतली जाते. फीत वाजू लागली की जे ऐकू येते तेच मूळ गायन, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः कानी पडणारा आवाज हा गायक, मुद्रण करणारे यंत्र, फीत आणि ती वाजविणारे यंत्र या चौघांचा मिळून झालेला असतो. जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरमधून उत्तम आवाज मिळविणे हा म्हणूनच केवळ रसिकांच्या हौसेचा विषय नसून तो पुराव्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात कोल्हापूरशी निगडित जयपूर-अत्रौली गायकीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये उस्ताद अल्लादिया खाँ यांची दरबार गायक म्हणून नेमणूक केली. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यानंतर खाँसाहेब मुंबईस गेले आणि १९४६ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले नाही. त्यामुळे या गायकीचा श्राव्य इतिहास केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर अशा पुढील पिढीच्या ध्वनिमुद्रणांवरच उभा आहे.

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः तीन ते साडेतीन मिनिटे मावत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या सुवर्ण तबकडीत केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी समाविष्ट आहे. तिचीही लांबी साडेतीन मिनिटांच्याच आसपास आहे. अनवट व जोडरागांचा पेचदार विस्तार हे ज्या गायकीचे वैशिष्ट्य, तिला ही मर्यादा विशेष जाचक होती.

चुंबकीय फितीने ही मर्यादा दूर केली. जर्मनीतील ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र १९३५ मध्ये बर्लिन येथे प्रदर्शित झाले. १९४० मध्ये उच्च वारंवारतेच्या बायसचा शोध लागून फितीवरील खरखर लक्षणीय प्रमाणात घटली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र जगभर पसरले. सात इंची स्पूलवरील १२०० फूट फीत सेकंदाला ९.५ सेंटिमीटर या वेगाने एका दिशेस तासाभराहून अधिक चालते. परिणामी मैफलीतील संपूर्ण राग प्रथमच जसाच्या तसा टिपता येऊ लागला.

वेग, पट्टी आणि लय

फितीचा वेग बदलला की स्वर आणि लय दोन्ही बदलतात. अनेक जुन्या यंत्रांतील मोटरची गती विजेच्या वारंवारतेवर अवलंबून असे. पुरवठ्यावर ताण येऊन वारंवारता ५० वरून ४८.५ वर आली, तर फीत तीन टक्के हळू सरकते. तीच फीत पुढे अचूक वेगाने वाजविल्यास गायन सुमारे पाव स्वराने चढे व तितकेच जलद ऐकू येते.

यापेक्षा मोठी गफलत ६० आवर्तनांच्या विजेसाठी बनलेल्या अमेरिकी यंत्रामुळे होऊ शकते. ५० आवर्तनांच्या विजेवर त्यावर केलेले मुद्रण इतरत्र योग्य वेगाने वाजविले, तर ते वीस टक्के जलद होते. पांढरी पाचमधील गायन जवळजवळ काळी पाचमध्ये गेल्यासारखे भासते. येथे फितीवर उतरलेली विजेची गुणगुण साक्षीदार ठरते, कारण ती ५० ऐवजी ६० आवर्तनांची ऐकू येते. मात्र ही साक्ष सर्वत्र उपयोगी पडत नाही. पुरवठ्याची वारंवारता घसरली असताना फीत आणि गुणगुण दोन्ही एकाच प्रमाणात मंदावतात. त्यामुळे वाजविताना गुणगुण पुन्हा ५० चीच येते आणि दोष लपून राहतो. अशा वेळी त्याच गायकाच्या इतर मुद्रणांतील पट्टीशी तुलना करणे आवश्यक ठरते. ‘अमुक गायिकेची विलंबित लय इतरांपेक्षा चढी होती’ यांसारखे विधान या पडताळणीशिवाय करणे धोक्याचे आहे.

हेड, समकरण आणि तंबोरा

वाजविणाऱ्या यंत्राच्या हेडमधील फट फितीच्या लांबीशी अचूक काटकोनात नसेल, तर उच्च वारंवारतेचे ध्वनी सर्वप्रथम क्षीण होतात. तंबोऱ्याची जवारी मंदावते, बोलांतील व्यंजने बोथट होतात आणि आवाज घुसमटलेला वाटतो. प्रत्येक फितीसाठी हेडचा कोन स्वतंत्रपणे जुळवावा लागतो. तंबोरा व व्यंजने सर्वाधिक स्पष्ट ऐकू येणे ही त्याची व्यावहारिक कसोटी होय. त्याआधी हेड व फितीचा मार्ग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे आणि हेडमधील साचलेले चुंबकत्व काढून टाकणे अगत्याचे असते. अमेरिकी आणि युरोपीय समकरणाची मानके भिन्न असल्याने चुकीची निवडही नादाचा तोल बिघडविते.

झिजलेल्या रबरी रोलरमुळे वेग डळमळतो व स्वरात कंप येतो. हा कंप उतारवयातील गायकाच्या गळ्याचा समजला गेल्यास इतिहासात अन्याय्य नोंद होते. फितीच्या एका थरावरील चुंबकीय ठसा शेजारच्या थरावर उमटल्यास स्वराआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते. तीही गायकीचा भाग नव्हे.

हवामान आणि काळाचे आव्हान

कोल्हापूरचा दीर्घ, दमट पावसाळा फितींना घातक आहे. त्यांवर बुरशी चढते. १९७० व १९८० च्या दशकांतील काही फितींचे बंधकद्रव्य ओलावा शोषून चिकट होते आणि वाजविताना खरवडून निघते. अशा फिती तज्ज्ञ व्यक्ती सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअस तापमानात काही तास तापवून तात्पुरत्या वाजविण्याजोग्या करतात. ॲसिटेटच्या फितींना मात्र हा उपाय करू नये. स्पूल उजेडासमोर धरल्यास ॲसिटेटच्या फितीतून प्रकाश आरपार दिसतो आणि जीर्ण झाल्यावर तिला व्हिनेगरसारखा वास येतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पंचगंगाकाठच्या घरांतील संग्रह किती असुरक्षित आहेत, हे स्पष्ट केले आहे. जोडीला जुन्या यंत्रांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही दुर्मीळ होत आहेत. जीर्ण फीत पुन्हा वाजविण्याची संधी अनेकदा एकदाच मिळते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, स्पूल-फितीचे अंकीकरण हे केवळ प्रत काढण्याचे काम नाही. ते साधनाच्या संपादनाचे काम आहे. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहक संघटनेच्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे मूळ प्रत २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ या दर्जाची ठेवणे इष्ट असून, खरखर काढण्याचे संस्कार केवळ दुय्यम प्रतीवर करावेत. यंत्राचे नाव, वेग, ट्रॅकची रचना, समकरण आणि पट्टी ठरविण्याचा आधार यांची नोंद प्रत्येक प्रतीसोबत असावी. या कामात भौतिकशास्त्र, संगीत आणि इतिहास या तिन्ही विषयांची गरज असल्याने महाविद्यालयांतील संबंधित विभागांनी ते एकत्रितपणे हाती घेणे उचित ठरेल. कोल्हापुरातील कपाटांत आजही पडून असलेली फीत एकदाच वाजणार असेल, तर ती योग्य वेगाने, स्वच्छ हेडवर आणि नोंदींसह वाजली पाहिजे. अन्यथा पुढील पिढीच्या हाती गायकाऐवजी यंत्राचे दोषच इतिहास म्हणून जातील.