वय वर्षे तेरा

परवा शनिवारी ताई आणि भाची आमच्याकडे करंजाड्याला राहायला आल्या होत्या. रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत मी बाल्कनीत बसलो होतो, तेवढ्यात भाची ताईचा फोन घेऊन आली. "मामा, माझं अकाउंट होत नाहीये. जन्मसाल टाकलं की एरर येतो. तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, कर ना काहीतरी!" भाची बारा वर्षांची. मी काही बोलायच्या आत उपायही तिनेच सांगितला. "वर्गातल्या सगळ्यांनी साल मागे नेलंय. मी पण नेऊ?"

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. कारण मंडळी, असा एरर मी स्वतः लिहिलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका परदेशी क्लायंटच्या प्रोजेक्टमध्ये साइन-अपचं पान माझ्याकडे होतं. वय तेरापेक्षा कमी असेल तर पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढीच रिक्वायरमेंट. जेमतेम चार ओळींचा कोड. टेस्टिंगवाल्या मुलीने पाच मिनिटांत बग टाकला, की मागे जाऊन साल बदललं तर आत जाता येतं. वरून उत्तर आलं, कायद्यापुरतं झालंय, असू दे. बग बंद! तेराच का, बारा किंवा पंधरा का नाही, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

हा तेराचा आकडा अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्यातून आला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती आईवडिलांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही, असं त्यात आहे. म्हणजे बंधन कंपन्यांवर! पण परवानगी मिळवण्याची यातायात करण्यापेक्षा बऱ्याच कंपन्यांनी सोपी वाट धरली. दारातच विचारायचं, तू किती वर्षांचा? आणि पोरगं सांगेल ते खरं मानायचं. घातलेलं बंधन एकाला आणि पडलं भलत्याच्याच गळ्यात...

पोहे खाताना मला आठवलं, की वयाच्या आकड्यावरून भांडणं हे आपल्याला काही नवीन नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईत एकाच प्रश्नावरून रान पेटलं होतं. दहा की बारा?

सुरुवात रखमाबाईंपासून करायला हवी. जन्म १८६४ चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. पण रखमाबाई सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून दावा लावला. रखमाबाई म्हणाल्या, कळत नसलेल्या वयात झालेलं हे लग्न, मी जाणार नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की अजाण वयात लग्न लावून दिलेल्या मुलीला मनाविरुद्ध नवऱ्याकडे धाडता येणार नाही. मग अपील झालं, फेरसुनावणी झाली आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा हुकूम दिला. महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं काम केलं.

आणखी एक गोष्ट. खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने बालविवाहावर पत्रं छापून येत होती. ती रखमाबाईंचीच! विशीतली मुलगी टोपणनावाने चारचौघांत वाद घालतेय... आजच्या भाषेत ते तिचं अकाउंटच झालं की.

आता त्यांच्याहून काही महिन्यांनीच लहान असलेल्या आनंदीबाई जोशी बघा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्याच आनंदीबाई फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभ्या राहिल्या आणि आपण डॉक्टर व्हायला अमेरिकेला का जातोय ते सांगितलं. अठरा पूर्ण व्हायला तेव्हा महिनाभर बाकी होता. म्हणजे त्यांना प्रौढ म्हणायचं की नाही? आई व्हायला चौदा लवकर होतं, आणि स्वतःच्या मनाने सातासमुद्रापार जायचं ठरवायला सतरा पुरेसं होतं. माणूस सगळीकडून एकदम पिकत नाही. एका आकड्यात हे मावणार कसं?

तरी आकडा लागतोच. १८९० च्या सुमारास बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. कायद्यात बायकोच्या बाबतीत मर्यादा दहाची होती, त्यामुळे बलात्काराचा गुन्हा लागेना. मग जानेवारी १८९१ मध्ये संमतिवयाचं बिल आलं, दहाचं बारा करणारं. बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होतेच. आगरकर 'सुधारका'तून बिलाच्या बाजूने उभे राहिले, भांडारकरांनी धर्मशास्त्रातून आधार काढून दाखवले. टिळक विरोधात. पण गंमत बघा, त्याच टिळकांनी १८९० मध्ये सुचवलं होतं, की मुलींची लग्नं सोळाच्या आणि मुलांची विशीच्या आत करू नयेत, असं लोकांनी आपणहून ठरवावं. म्हणजे त्यांचा आकडा बिलातल्या बाराच्याही पुढचा! त्यांचं भांडण आकडा कोण ठरवणार, परकं सरकार की आपण, यावर होतं. जन्माच्या नोंदी धड नाहीत, मग वय सिद्ध कसं करणार, हाही आक्षेप निघाला. (आमच्या टेस्टिंगवालीचाच बग!) १९ मार्च १८९१ ला कायदा झाला.

नाव 'संमतिवय', पण वाद घालणारे बहुतेक सगळे मोठे पुरुष. जिच्या संमतीबद्दल चाललंय ती बारा वर्षांची पोर कुठेच नाही.

पण एका गोष्टीत तो कायदा माझ्या चार ओळींपेक्षा शहाणा होता. त्याने वय मुलीचं मोजलं आणि हात नवऱ्याचा धरला. तू लहान आहेस म्हणून शिक्षा तुला, असं त्यात नव्हतं. ती लहान आहे म्हणून सावध तू राहायचं! मला वाटतं वयाच्या मर्यादेची हीच कसोटी असावी. आकड्याने अक्कल मोजता येत नाही, ती चौदाव्या वर्षी एकात असते आणि चाळिशीत दुसऱ्यात नसते. आकड्याचं काम एवढंच, की ज्याची ताकद जास्त त्याला बांधायचं.

अर्थात पळवाटा तेव्हाही होत्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाला चौदा आणि मुलाच्या लग्नाला अठराची मर्यादा घातली. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी धडाधड पोराटोरांची लग्नं उरकून घेतली! साल मागे नेण्याचाच प्रकार म्हणायचा.

आता चक्र पुन्हा फिरतंय. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना सोशल मीडिया बंद केला, पण दंड आहे तो कंपन्यांना. मुलाला नाही, आईबापालाही नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठराखालच्या सगळ्यांनाच मूल ठरवलंय. त्यांची माहिती वापरायला पालकांची खात्रीशीर संमती हवी, त्यांचा माग काढून जाहिराती दाखवायच्या नाहीत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने. मोठ्याचा हात धरलाय हे बरं झालं. पण सात वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांची आनंदीबाई एकाच खणात कोंबलीयत, ते खटकतं.

असो. भाचीला मी म्हटलं, साल मागे न्यायचं नाही. तिचं तोंड पडलं. मग विचारलं, "पण तुला कशाला हवंय ते?" शाळेच्या नाचाचे फोटो आणि गप्पा सगळ्या तिथे असतात म्हणे, आणि सोमवारी वर्गात सगळे ज्यावर हसतात ते हिलाच कळत नाही. खरं कारण होतं. ताईलाही ते तेव्हाच कळलं, इतके दिवस ती नुसती नाही म्हणत होती. शेवटी ठरलं, जूनमध्ये तेरा पूर्ण झाली की खऱ्या जन्मतारखेने अकाउंट काढायचं, सुरुवातीला आईसोबत बघायचं. तोपर्यंत नाचाचे फोटो एका मैत्रिणीच्या आईने ताईला पाठवायचे.

भाची फारशी खूश नव्हती. जाताना म्हणाली, "एरर तू लिहिलास ना? मग बदल ना."

ते प्रोजेक्ट केव्हाच दुसऱ्या टीमकडे गेलं. पण तो बग मी बंद होऊ द्यायला नको होता.