मृग अभ्रिकेतील तरुण तारे : अवरक्त शोध

मृग नक्षत्रातील त्रिकांडाच्या दक्षिणेला नुसत्या डोळ्यांनीही धूसर ठिपक्यासारखी दिसणारी मृग अभ्रिका (मेसिए ४२) सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. मोठ्या वस्तुमानाचे तारे अजूनही घडत आहेत, अशी ही आपल्याला सर्वांत जवळची जागा. दुर्बिणीतून दिसते ती फक्त तिची ओसरी. ताऱ्यांचा जन्म मागच्या दाट रेणवीय मेघात होतो आणि तिथली धूळ दृश्य प्रकाश अडवते.

ज्या धुळीतून दृश्य प्रकाशाचा जेमतेम दहा हजारावा भाग सुटतो, तिच्यातून २.२ मायक्रोमीटर तरंगलांबीचे सुमारे ४० टक्के अवरक्त किरण पार होतात. कॅलटेकचे एरिक बेकलिन व गेरी नॉयगेबाउर यांनी या अभ्रिकेतील एका बिंदुवत अवरक्त उगमाचे वर्णन १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे तापमान भरले अवघे ७०० केल्विन, म्हणजे ताऱ्यापेक्षा भट्टीला शोभावे इतके! ही ऊब ताऱ्याची नव्हती, त्याला वेढणाऱ्या धुळीची होती.

तरुण तारा ओळखण्याची मुख्य खूण हीच. भोवतालची तबकडी ताऱ्याचा प्रकाश शोषून अवरक्तात परत टाकते, त्यामुळे नुसत्या ताऱ्याकडून अपेक्षित असते त्याहून जास्त अवरक्त प्रकाश मिळतो. याला ‘अवरक्त आधिक्य’ म्हणतात. केवळ लालपणावर मात्र विसंबता येत नाही. मेघाच्या पाठीमागचा एखादा म्हातारा तारा धुळीतून पाहिल्यावर तितकाच लाल दिसतो, दूरच्या दीर्घिकाही फसवतात. म्हणून तीन-चार तरंगलांब्यांवरील तेजस्वितांची तुलना करावी लागते. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या (२००३–२०) निरीक्षणांतून मृगातील मेघांत असे सुमारे ३,५०० धूळवेष्टित तरुण तारे वेगळे काढता आले.

तबकडी गमावलेले तरुण तारे या चाळणीतून निसटतात. ते क्ष-किरणांत सापडतात. चंद्रा वेधशाळेने २००३ मध्ये सुमारे तेरा दिवसांच्या निरीक्षणात या अभ्रिकेच्या दिशेने सोळाशेहून अधिक क्ष-किरण उगम टिपले.

दूर-अवरक्त किरण वातावरणातील बाष्प गिळून टाकते. त्यामुळे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंमी. व्यासाची दुर्बीण हैदराबादहून बलूनने वर पाठवून तारकानिर्मितीच्या प्रदेशांचे वेध घेतले.

बेकलिन–नॉयगेबाउर उगमात सूर्याच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा तारा दडला असून, तो सुमारे ५०० वर्षांपूर्वी शेजाऱ्यांशी झालेल्या गुरुत्वीय झटापटीत फेकला गेला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.