तिघांना ओलांडून

गोष्ट १९७३ ची. २४ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने केशवानंद भारती खटल्यात सांगितलं, की संसदेला घटना बदलता येईल, पण तिचा गाभा मोडता येणार नाही. ७ विरुद्ध ६! सरन्यायाधीश सिक्री लगेच निवृत्त झाले. ज्येष्ठतेनुसार पुढे होते शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर. तिघंही सातांमधले. इंदिरा गांधींच्या सरकारने नेमलं चौथ्या क्रमांकाच्या ए. एन. राय यांना. ते सहांमधले. तिघांनी राजीनामे दिले.

नियम मोडला का? गंमत म्हणजे नाही! घटनेच्या १२४व्या कलमात ज्येष्ठतेचा उल्लेखच नाही, तो नुसता संकेत. आम्हा कोडवाल्यांना हे ओळखीचं: 'असं कोण करणार?' म्हणून चेक लिहायचा नाही, आणि एक दिवस कुणीतरी नेमकं तेच करतं.

१९७७ मध्ये पुन्हा तेच. आणीबाणीतल्या स्थानबद्धतेच्या खटल्यात सरकारविरुद्ध एकटे उभे राहिलेल्या एच. आर. खन्नांना डावलून बेग आले. खन्नांना निवृत्तीपूर्वी जेमतेम पाच महिने मिळाले असते. तेवढेही सरकारला परवडले नाहीत.

१९९३ मध्ये न्यायाधीशांनी नेमणुका स्वतःकडेच घेतल्या. कॉलेजियमचा कारभार बंद दाराआड चालतो हे खरंच. पण दार कुणामुळे बंद झालं, तेही विसरू नये.